दोन चाव्यांची खोली

ग्वाल्हेरला पाहुणा आला, की किल्ला झाल्यावर आम्ही त्याला बाड्यावर नेतो. टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, जुना सरकारी छापखाना, स्टेट बँक, गोरखी. एकाच चौकात इतक्या वेगवेगळ्या धाटणीची दगडी कामं. २०१० मध्ये आगीत होरपळलेलं व्हिक्टोरिया मार्केट पुन्हा उभं राहिलं आणि आता त्यात भूविज्ञान संग्रहालय आहे. संध्याकाळी इमारतींवर दिवे सोडतात, मुलं आइस्क्रीम खात फोटो काढतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्मलेल्या माझ्यासारखीला ते पाहून मनापासून बरं वाटतं. पण आमचं पाहणं दर्शनी भिंतीपाशीच थांबतं, आणि बँकेच्या इमारतीच्या बाबतीत तिथे थांबून फारसं काही हाती लागत नाही. बँकेत जे बघण्यासारखं असतं ते आत असतं. गिऱ्हाइकाने कुठे उभं राहायचं, कारकून कुठे बसायचा, पैसा कोणत्या वाटेने आत जायचा आणि त्या वाटेवर कोणाकोणाची नजर असायची, हे सगळं बांधकामातच लिहिलेलं असतं.

मी लिहिते आहे ते मात्र बाड्यावरच्या बँकेबद्दल नाही. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या एका परगण्याच्या गावी, श्योपूरला जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या वाटेवर, एक बंद पडलेली बँक आहे. गावात तिला सगळे 'पुरानी बैंक' म्हणतात. मालकीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून गावाचं आणि बँकेचं नाव इथे लिहीत नाही. माझे अण्णाकाका तिथे खजांची होते. पण आमच्याकडे पैसा ठेवण्याची रीत कशी बदलत गेली हे कळल्याशिवाय ती इमारत तशी का बांधली ते कळत नाही, म्हणून थोडं मागे जाते.

शिंद्यांचा खजिना किल्ल्यावर तळघरांत असे. त्याला गंगाजळी म्हणत. तो कुठे आहे आणि कसा उघडायचा हे फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक असायचं आणि त्यांनी ते वारसाला सांगायचं, अशी वहिवाट. १८५८ पासून किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता, म्हणजे गोऱ्या शिपायांच्या पायांखाली तो खजिना २८ वर्षं पडून होता. १८८६ मध्ये किल्ला परत मिळाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव वारले. वारस माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. खजिन्याचं गुपित सांगायचं राहून गेलं आणि पुढे फार खटपटीने तो हाती लागला, ही हकीकत लष्करातल्या जुन्या घरांमध्ये अजून सांगतात.

मला या हकिकतीतलं सोनंनाणं तितकं खुणावत नाही. एका संस्थानाची सगळी शिल्लक एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून होती, ही गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही.

खरं तर पैसा तळघरातून बाहेर पडायला जयाजीरावांच्या काळातच सुरुवात झाली होती. आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी त्यांनी इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. माधवराव त्यापुढे गेले. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलाची गरज पडली तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे निघाले आणि ते सगळेच्या सगळे माधवरावांनी घेतले. १९१६ मध्ये त्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरात कृष्णराम बलदेव बँक सुरू झाली. तिच्याआधी महाराजांच्या मालकीची एक छोटी सावकारी पेढी होती, 'दुकान पिछाडी' नावाची. त्या पेढीचीच पुढे बँक झाली. पहिले मॅनेजर जाल ब्रोचा हे पारशी गृहस्थ होते. मराठी राजाची पेढी, कृष्णराम बलदेव हे नाव आणि कारभाराला पारशी माणूस: त्या काळचं लष्कर मला या एका ओळीत दिसतं.

बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर या तिन्ही मराठी संस्थानांनी बारा वर्षांच्या आत आपापली बँक काढली, याची नोंद आपण मराठी माणसांनी फारशी घेतलेली नाही. सयाजीराव गायकवाडांची बँक ऑफ बडोदा २० जुलै १९०८ ची, भांडवल दहा लाख. ग्वाल्हेरची १९१६ ची. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या सनदेने निघालेली बँक ऑफ इंदूर १९२० ची. इंदूरजवळच्या देवासमध्ये पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या एकाच गावात नांदत होत्या. तिथे एक बँक ऑफ देवास आणि दुसरी देवास सीनियर बँक. एका गावाच्या दोन गाद्या, आणि बँकाही दोन!

यातली बडोद्याची तेवढी आज मूळ नावाने चालू आहे. देवासच्या दोन्ही साठच्या दशकात इंदूरच्या बँकेत गेल्या. इंदूरची १९६० मध्ये स्टेट बँकेची उपकंपनी झाली आणि २०१० मध्ये तिच्यात पूर्णच मिसळली. आमची कृष्णराम बलदेव सत्तरच्या दशकात स्टेट बँकेत गेली. सगळ्या देशातच हे चाललं होतं. १९५१ मध्ये भारतात ५६६ व्यापारी बँका होत्या. १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरणाच्या वेळी ८९ उरल्या होत्या. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, ठेवीदार हवालदिल झाले, आणि मग रिझर्व्ह बँकेला लहान बँका सक्तीने मोठ्यांत विलीन करण्याचे अधिकार मिळाले. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला. तेव्हा तो माणशी दीड हजार रुपयांपर्यंतचा होता, आज पाच लाखांपर्यंतचा आहे. हे सगळं आवश्यकच होतं. माझ्या आजीच्या पिढीतल्या किती विधवांची पुंजी त्या आधीच्या बुडव्या बँकांमध्ये गेली, ते लष्करातल्या वाड्यांना विचारावं. पण विलीनीकरणाच्या कागदावर ठेवी, कर्जं आणि नोकर यांची व्यवस्था लागते. वास्तूची लागते ती फक्त मालमत्ता म्हणून. अमुक चौरस फूट, अमुक भाडं. गावोगावच्या जुन्या बँका अशा पोरक्या झाल्या.

आता 'पुरानी बैंक'कडे येते.

ती उंच जोत्यावर आहे. पाच पायऱ्या, मग ओसरी, दगडी तोड्यांवर पेललेला छज्जा. चिरे आमच्याकडच्या पिवळसर वाळूच्या दगडाचे. आत शिरलं की मोठा दिवाणखाना आणि वर दोन्ही बाजूंना रोशनदानं, त्यामुळे भर दुपारीसुद्धा वीज न लावता आकडे वाचता येतील इतका उजेड. समोर सागवानी काउंटर, त्यावर पितळी जाळी, जाळीत हात जाईल एवढी कमान. छत लोखंडी गर्डरवर टाकलेल्या दगडी पट्ट्यांचं. आणि या सगळ्याच्या मधोमध, एकही भिंत बाहेरच्या बाजूला येणार नाही अशी, स्ट्राँगरूम.

या खोलीभोवती चारही बाजूंनी माणूस चालेल एवढी अरुंद गल्ली आहे. पहारेकऱ्याने रात्री तिच्यातून फेऱ्या मारायच्या. बाहेरून कोणी भोक पाडलं तरी तो या गल्लीत येईल, तिजोरीत नाही. वर मॅनेजरचं बिऱ्हाड होतं. त्यांची झोपायची खोली बरोबर स्ट्राँगरूमच्या डोक्यावर. खाली फरशीवर काही आपटलं तर वर जाग यावी म्हणून ती तशी ठेवली होती, असं काका सांगतात. हा मुलूख चंबळचा आहे हे विसरायचं नाही. १९७२ मध्ये जयप्रकाशजींसमोर बागी लोकांनी हत्यारं ठेवली ते जौरा याच छोट्या रेल्वेच्या मार्गावर आहे. रोकड आणायची तर लोखंडी पेटीत, पोलिसांच्या पहाऱ्यात, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून, सायकलवाला सहज मागे टाकील अशा वेगाने. ती गाडी २०२० मध्ये थांबली, तिच्या जागी मोठा रूळ येतो आहे.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. जनकगंजच्या घरी खिडकीपाशी बसून ते बोलतात आणि मी फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करते. स्ट्राँगरूमच्या दाराला दोन कुलुपं. एक चावी मॅनेजरकडे, दुसरी खजांचीकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग वर कलेक्टरसाहेब येऊन उभे राहिले तरी.

"काका, तुम्ही चावी ठेवायचात कुठे?"

"जानव्याला. आंघोळीलासुद्धा काढली नाही. मॅनेजरसाहेब कायस्थ, ते करगोट्याला बांधत."

"आणि दोघांचं पटत नसेल तर?"

"पटत नव्हतंच. तीन वर्षं आम्ही कामाखेरीज एक शब्द बोललो नाही. पण सकाळी दहाला दोघे दारापाशी उभे. न पटणाऱ्या माणसांसाठीच तर दोन चाव्या असतात, बाळ."

किल्ल्यावरच्या त्या गुपितापासून इथवर यायला आम्हाला एक पिढी लागली. तळघराचं ज्ञान एकाकडे होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. इथे कोणा एकाला काही करताच येत नव्हतं. रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, संध्याकाळी जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि जुळलेला रोजमेळ दुसऱ्याने तपासायचा. चेक घेऊन आलेल्या शेतकऱ्याला पितळी टोकन मिळायचं. त्यावरचा आकडा पुकारला जाईपर्यंत तो ओसरीवर बसायचा आणि जाळीतून आपला कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना त्याला दिसायचा. सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, पायऱ्यांवर बसायला जागा नसे. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही कळत होतं, की आपल्या पैशावर तीन माणसांची नजर फिरली आहे. काउंटरची ती उंची, तो उजेड, ती जाळी यांच्यामुळे ते कळत होतं. म्हणून मला वाटतं, की अशा इमारतीचं दर्शन तेवढं राखलं आणि आतलं लाकूड भंगारात काढलं, तर काहीच राखलं नाही.

शाखा नव्वदच्या दशकात बाजारातल्या एका गाळ्यात गेली. संगणकासाठी थंड खोली हवी होती, रस्त्यालगत शटर हवं होतं. गाळा सोयीचा आहे, मीसुद्धा तिथलं एटीएम वापरते. जुनी इमारत मूळ घरमालकाच्या वारसांकडे आली, वारस तीन शहरांत पांगले आणि कुलूप लागलं.

बंद इमारत सगळ्यात आधी पाण्याने मरते, हे मला तिथेच शिकायला मिळालं. छतावरच्या दगडी पन्हाळीत पाला साचतो, पाणी तुंबतं, कठड्याच्या सांध्यात पिंपळ रुजतो. पाणी मुरत मुरत गर्डरपर्यंत जातं. लोखंड गंजलं की फुगतं आणि फुगलेला गर्डर वरच्या दगडी पट्टीला तडा देतो. इथे दोन पट्ट्यांना असे तडे गेले आहेत, दोन्ही काउंटरच्या उत्तरेच्या टोकावर. त्यात भर म्हणजे मधल्या काळात कोणीतरी भल्या हेतूने मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट तिला आत कोंडतं. कोंडलेली ओल मग वाट मिळेल तिथून, म्हणजे दगडातून, बाहेर पडते आणि येताना क्षार आणते. भिंतीला खार फुटतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. गिलाव्याच्या वरच्या काठाला हात लावला की दगडाची पूड हातावर येते. ओसरीच्या बाजूला, जिथे कोणी काहीच केलं नाही, तिथला दगड अजून खणखणीत आहे.

पिंपळ उपटून काढायचा नाही. मूळ ओढलं की चिरा सोबत येतो. खोड छाटायचं, उरलेलं मूळ औषध घालून मारायचं, आणि ते वाळल्यावर सांधा चुन्याने भरायचा. चुना बाजारातून आणला आणि लावला असंही होत नाही, तो आठवडे-आठवडे भिजवून मुरवावा लागतो. लष्करात हे काम जाणणारे कारागीर आहेत, बाड्यावरच्या दुरुस्त्यांमुळे त्यांच्या हाताला पुन्हा सवय झाली आहे. त्यातल्या एका वयस्क मिस्त्रींना मी तिथे नेलं. त्यांनी दिवाणखान्यात उभं राहून बराच वेळ वर पाहिलं आणि म्हणाले, "छत बचा लो बहनजी, बाकी सब इंतज़ार कर लेगा."

कागदांचं दुखणं वेगळं आहे, आणि ते मला जास्त लागतं. बँकांनी आपली दफ्तरं किती वर्षं जपावीत याचे नियम १९८५ मध्ये झाले. काही नोंदवह्या पाच वर्षं, खतावण्या आणि व्हाउचरं आठ वर्षं. त्यानंतर ती नष्ट करायला कायद्याची मुभा आहे. रोजच्या कारभारासाठी हे रास्त आहे, नाही तर बँकांना रद्दीसाठीच गोदामं बांधावी लागली असती. पण १९४० सालची खतावणी आणि १९९० सालची खतावणी यांना एकच माप लावलं गेलं. कोणत्या खेड्याने कोणत्या दुष्काळी वर्षी दागिने गहाण टाकले, चंबळचा कालवा आल्यावर ठेवी कशा वाढल्या, बायकांच्या नावावर पहिली खाती कधी उघडली गेली, हे सांगणारा दुसरा कागद त्या परगण्यात नाही. माझं स्पष्ट मत आहे की पाऊणशे वर्षांपूर्वीच्या खातेवह्या, खातेदारांची नावं झाकून का होईना, अभिलेखागारांकडे गेल्या पाहिजेत. 'पुरानी बैंक'मध्ये एक कपाट आहे, आत फक्त वाळवीची माती आणि दोन कोऱ्या वह्यांचे पुठ्ठे. म्हणजे त्या इमारतीचा कारभार आता काकांच्या डोक्यात आणि भिंतींच्या रचनेत, एवढ्या दोनच ठिकाणी शिल्लक आहे. गंगाजळीची हकीकत मला सारखी आठवते ती याचमुळे.

सरकारी संरक्षणाची आशा मी धरलेली नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात वास्तू निदान शंभर वर्षांची असावी लागते. आमच्या इमारतीवर सालाचा दगड नाही. आणि शंभर वर्षं सिद्ध झाली तरी ग्वाल्हेरसारख्या मुलखात, जिथे किल्ला आहे, गुजरी महाल आहे, तोमरांचं आणि शिंद्यांचं एवढं काम उघड्यावर आहे, तिथे तालुक्याच्या बँकेचा नंबर कधी लागणार? ती वाचली तर गावाने वापरली म्हणूनच वाचेल. शहरांतून जुन्या बँकांची हॉटेलं झालेली दिसतात, तिजोरीच्या खोलीत जेवणाची टेबलं मांडतात. भिंती टिकतात, हे खरं. पण मला तिथे काउंटरवर काम चाललेलं हवं आहे, पलीकडे कोणी तरी बसलेलं आणि अलीकडे गावातला माणूस हातात कागद घेऊन उभा. वाचनालय चालेल, बचतगटांचं कार्यालय तर फारच चांगलं. त्या गावच्या बायकांचे गट आज एका घराच्या पडवीत हिशेब करतात. त्यांची पेटीसुद्धा दोघींच्या साक्षीने उघडते, हे मी पाहिलं आहे. त्यांच्यातल्या एकीला मी स्ट्राँगरूमची गल्ली दाखवली. तिने आत एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा.

वारसांपैकी दोघांनी छताच्या कामाला लेखी होकार दिला आहे, तिसऱ्याशी बोलणं चालू आहे. पावसाआधी पन्हाळ्या मोकळ्या करायच्या, गर्डरखाली टेकू द्यायचे आणि पिंपळ छाटायचा, एवढंच या वर्षीचं काम. सिमेंटचा गिलावा पुढच्या थंडीत उतरवू. तोवर मी काकांकडून आतला नकाशा काढून घेते आहे. कोणाचं टेबल कुठे, रोकड कोणत्या दाराने यायची, घड्याळ कोणत्या भिंतीवर, टोकनांचा खिळा कुठे. त्यांनी सांगायचं, मी काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता पुन्हा विचारायचं. ते दरवेळी तेच सांगतात, फक्त घड्याळाच्या भिंतीबद्दल त्यांचं स्वतःशीच एकमत होत नाही.

आतला एकही फोटो मात्र आमच्याकडे नाही. काकांना आठवतं, की साठच्या सुमाराला काउंटरसमोर सगळ्या स्टाफचा एक फोटो काढला होता. मॅनेजरसाहेब मधे खुर्चीवर, काका डावीकडे उभे. तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांनी किंवा मामांनी जुन्या ग्वाल्हेर, इंदूर, देवास भागातल्या अशा लहान बँकांत नोकरी केली असेल, तर घरातल्या ट्रंका एकदा उघडून पाहा. स्टाफचे फोटो, पासबुकं, पितळी टोकनं, बदलीचे हुकूम, काहीही. पासबुकाचा फोटो पाठवताना नाव आणि खाते क्रमांक झाकून पाठवा, तारखा आणि शाखेचा शिक्का तेवढा दिसू द्या. आणि फोटोत मागची भिंत आली असेल तर ती कापू नका, घड्याळाचा प्रश्न तिच्यावरूनच सुटेल.